टोकाची कडी

आमच्या घरात हात आधी उठायचा आणि तोंड मागाहून उघडायचं. बाबा मारायचे, आई मारायची, आणि मार खाणारी बहुतेक वेळा मी असायचे, कारण मी मोठी होते आणि उलट बोलायचे. माझ्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे, तो आईने फेकून मारलेल्या कांडीचा. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी नळी. आई घरी बसून कांड्या भरायची, त्यामुळे फेकायला हाताशी ढीगच असायचा. भावावर मात्र तिने कधी हात उचलला नाही. तो धाकटा आणि नवसाचा. मी कुरकुर करत नाहीये, पण पुढे जे झालं ते कळायला हे माहीत असलेलं बरं.

माझ्या हातून भावाच्या डोळ्यावर शिसं बसलं. मासे धरायच्या दोरीला बांधतात ते शिसं, सुपारीपेक्षा मोठं. मी नेम धरून मारलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गाव काय म्हणतं याचं मला कधीच पडलेलं नाही. आमच्या गावाला बोलायला रोज काहीतरी लागतं. पण आईही तेच म्हणाली. तिने एकदा म्हणावं, बाय, तू न्हाय मारलंस, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी मी आयुष्यात कधी झुरले नव्हते इतकी झुरले.

माझं माहेर भिवंडीजवळच्या राहनाळचं, सासर तिथल्याच कोन गावचं. बाबांचे घरामागच्या शेडमध्ये थोडे लूम होते. शुक्रवारी लूम बंद, आणि त्या दिवशी बाबा खाडीवर गळाने मासे गरवायला जायचे. भाऊ एका जागी बसायचा नाही, म्हणून मला न्यायचे. घरात मारणारा माणूस खाडीवर वेगळा व्हायचा. गळाला कोळंबी कशी ओवायची, मासा हिसका देतो तेव्हा हात कसा सैल सोडायचा, हे त्यांनी मला आवाज न चढवता शिकवलं. मारायला तिथे काही कारणच मिळायचं नाही बहुतेक. वारण्याआधी त्यांनी सरळ सांगून ठेवलं होतं, जमीन पोराची, रॉड पोरीची. कायद्याला असलं काही कळत नाही, पण मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. रॉड मला मिळाली म्हणून मी खूश होते.

दोन तुकड्यांची, हिरव्या रंगाची, मुठीला बुचाचं लाकूड लावलेली ती रॉड. तिच्या अंगावर कड्या बसवलेल्या असतात, रिळापासून टोकापर्यंत, आणि दोरी त्या कड्यांमधून धावते. खाडीचं पाणी गाळाचं. तो गाळ दोरीला चिकटतो, आणि मासा दोरी ओढू लागला की ती कडीच्या आतून कानस फिरवल्यासारखी फिरते. वर्षानुवर्षं असं झालं की कडीला आतून चीर पडते. मग ती चीरच पुढे दोरी कापायला लागते. मी त्या जुन्या कड्या बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करत असे, सैल झालेल्या कड्या दोऱ्याने पुन्हा बांधत असे, वर चिकट रोगण लावून उन्हात ठेवत असे. नवरा म्हणायचा, एवढ्या मायेने माझ्याकडे कधी बघितलं नाहीस. मी म्हणायचे, तुला घासून जिताडा मासा गळाला लागत नाही.

असलीच चीर लूमवरही पडते. लूमचा धागा चिनी मातीच्या पांढऱ्या कड्यांमधून जातो, आणि नायलॉनचा धागा ती चिनी माती हळूहळू कापतो. चिरलेली कडी धागा तोडते, कापडाला डाग पाडते, आणि कारागीर शिव्या खातो. बाबा कडी कापसाने तपासायचे. बोटाला काही कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा पुंजका आतून ओढला की चिरेत त्याचे तंतू अडकून राहतात. तंतू अडकले की बाबा ती कडी काढायचे आणि तिथल्या तिथे शेडच्या उंबरठ्यावर ठेवून हातोडीने फोडायचे. डब्यात टाकायची नाही, उद्यावर ठेवायची नाही. शाबूत राहिली तर कुणीतरी नवी समजून परत बसवणार, असं त्यांचं म्हणणं. आमच्या उंबरठ्यावर कायम पांढरी पूड असायची. बाबांच्या माघारी लूम भावाकडे आले, आणि हातोडीही.

मग राहनाळची जमीन गोडाऊनवाल्यांच्या डोळ्यात भरली. आजूबाजूची शेतं एकेक करून पत्र्याखाली गेलीच होती. भावाला आमचीही द्यायची होती आणि त्यासाठी माझी सही हवी होती, माझा हक्क सोडल्याची. गोड बोलून मागितली असती तर मी दिलीही असती, कोण जाणे. पण तो कागद घेऊन आला तो पेन उघडूनच. मी म्हटलं, वाचते आणि सांगते. तो म्हणाला, वाचाया काय, तुझी अक्कल किती. झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माहेरच्या अंगणात आम्ही दोघं, दोघांचीही पोरं लग्नाला आलेली, पोरांसारखे भांडलो. त्याने माझी वेणी धरून ओढली. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत. तिथून मी खाडीवर जाणार होते म्हणून रॉड भिंतीला टेकवलेली होती. त्याने ती उचलली आणि नळाच्या लोखंडी खांबावर आपटली. टोकाची कडी तुटून उडाली. मी रॉड हिसकावून घेतली आणि तिची मूठ त्याच्या तोंडावर मारली. त्याचा ओठ फाटला. आई मधे पडली आणि तिने कानाखाली वाजवली ती माझ्या. सवयीने, दुसरं काय.

त्या दिवशी रॉड मी तिथेच टाकून आले. काही दिवसांनी आईचा फोन आला, भावाने रॉड नीट केली आहे, घेऊन जा. टोकाला पांढरी शुभ्र चिनी मातीची कडी, लूमवरची, तारेच्या पायाला घट्ट बांधलेली, वर चिकट रोगण लावून चकचकीत केलेली. बाबाही असंच करायचे, रॉडची कडी गेली की लूमची बसवायचे. भिवंडीत गरवणारे अर्धेअधिक तेच करतात. भाऊ समोर आला नाही. त्याने माफी मागितली नाही, आणि आमच्यात ती पद्धतही नाही. कडी बसवून दिली, यातच सगळं आलं असं मी धरलं. बसमध्ये रॉड मांडीवर आडवी घेऊन बसले होते आणि डोळे भरून येत होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर माझे मासे तुटायला लागले. जिताडा लागला की तो पाण्याबाहेर उसळी मारतो, डोकं झाडतो, कल्ल्याच्या धारेने दोरी कापायला बघतो. त्या मारामारीत मजा आहे. हात भरून येतात, खांदा उखडेल असं वाटतं, आणि दोघांपैकी एक दमेपर्यंत सोडायचं नसतं. पण आता मासा दमायच्या आतच दोरी सुटायची. दोरीचं टोक बघावं तर केसाळ झालेलं. मी जुन्या कड्यांना दोष दिला. पुन्हा पुन्हा घासल्या, एक तर बदलूनही टाकली. दोरी नवी भरली. टोकाच्या कडीकडे मी वळून पाहिलं नाही. ती नवी होती, पांढरी होती, आणि भावाने बसवली होती.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी दुपारची भरती होती. बांधावर गावातले चार-पाच जण गळ टाकून बसले होते. भाऊ तिथेच आला, बगलेत तोच कागद. आता गोडाऊनवाला थांबत नाही म्हणाला. मी गळाला कोळंबी लावत राहिले. तो बोलत राहिला, मग आवाज चढला, मग माझ्या नवऱ्याचं निघालं, सासरचं निघालं. मी उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पुन्हा हा कागद घेऊन माझ्यासमोर आलास ना, तर डोळे फोडीन तुझे."

आमच्याकडे हे आई पोराला रोज म्हणते. दूध सांडलं तरी म्हणते.

तो बांध उतरून दगडांवर गेला आणि मुद्दाम माझ्या डाव्या अंगाला, पाण्याच्या बाजूला उभा राहिला. टाक आता कशी टाकतेस ते, असा आव. मी त्याच्यापासून दूर, माझ्या उजवीकडे, मोकळ्या पाण्यावर नजर धरली आणि रॉड मागे नेऊन सगळा राग हातात घेऊन फिरवली. अर्ध्यात हात एकदम हलका झाला. सटकन आवाज झाला, दोरी माझ्या कपाळावर येऊन पडली, आणि भाऊ दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आलं. मी दगडांवरून घसरत त्याच्याकडे गेले तर त्याने मला लाथ मारली. बांधावरचा एकजण ओरडला, धरा तिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाहताच विचारलं, धोटा लागला का? चालत्या लूमवरून धोटा उडतो आणि कारागिराच्या तोंडावर बसतो. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपासच्या डॉक्टरांनी असे डोळे पुष्कळ पाहिलेत. भाऊ काही बोलला नाही. आई बोलली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, ही लागली. गालाचं हाड तडकलं होतं, पापणी शिवली, आणि डोळ्याचं काय ते सूज उतरल्यावर कळेल म्हणाले.

मी आईला सांगत होते की दोरी तुटली, आपोआप तुटली. ती ऐकून घेत नव्हती. तिचं एकच, तू बोललीस आणि केलंस. बांधावरच्यांनी तिला माझं वाक्य शब्दन्‌शब्द पोचवलं होतं. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो झटकला आणि म्हणाली, "डोळा घेतलास त्याचा. आता सही तरी दे."

घरी येऊन मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. ताटं आपटली. नवऱ्याशी भांडले, तो बिचारा माझ्या बाजूने बोलत होता तरी. भावाने निरोप पाठवला की सही झाली तर पोलिसांत जाणार नाही. म्हणजे माझा गुन्हा आधीच ठरलेला, फक्त भाव करायचा बाकी. मी आईला फोन करायचे, ती आवाज ओळखून ठेवून द्यायची. बाजारात मावश्या माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. एका सकाळी मला वाटलं, सगळ्याचं मूळ ही रॉड आहे, हिचेच तुकडे करते. मी ती गुडघ्यावर घेतली, दोन्ही हातांनी वाकवली. ती वाकली, वाकली आणि मोडली नाही. बाबांनी चांगली घेतली होती. टोक माझ्या तोंडासमोर येऊन थरथरत राहिलं, आणि त्यावरची पांढरी कडी मी पहिल्यांदा जवळून पाहिली.

बोट आतून फिरवलं. काही लागलं नाही. मग देवापाशी वातीचा कापूस होता तो घेतला. जुन्या कड्यांमधून पुंजका सरळ निघून आला, एकेक करत सगळ्यांतून. टोकाच्या कडीतून ओढला तर अडला. मी पुन्हा ओढला. पांढरे तंतू आत अडकून राहिले, आणि ते काढून खिडकीपाशी धरलं तेव्हा चीर दिसली. केसाएवढी, खोल, आणि तळाशी निळी. निळ्या सुताचा रंग. ती कडी लूमवर चाललेली होती, चिरलेली होती, आणि शाबूत होती.

मी तशीच कोनच्या स्टँडवर आले आणि शेअर रिक्षात बसले. रॉड बाहेर काढून धरली होती, ड्रायव्हर म्हणाला, मावशी, किसीको लग जाएगा. मी म्हटलं, लग गया.

भाऊ पुढच्या खोलीत कॉटवर टेकून बसला होता, डाव्या डोळ्यावर पट्टी. आई खाली बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून ती उठायला लागली, बहुतेक मला बाहेर काढायला.  तोंड उघडलं असतं तर मी ओरडले असते. रॉडचं टोक तिच्या मांडीवर ठेवलं आणि कडीवर बोट ठेवलं.

आईची सगळी हयात सुतात गेली. तिने कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हात लांबवून भावाच्या उशाशी पडलेला कापूस घेतला. त्याच्या डोळ्याच्या पट्टीसाठी आणलेला. त्यातला पुंजका तोडून तिने कडीतून ओढला. अडकला. तिने परत ओढला, दुसऱ्या बाजूने. अडकला. तिने कडी उजेडाकडे धरली.

"ही फोडली का न्हाय?" तिने भावाला विचारलं. आवाज अगदी साधा.

 मला तेव्हाही वाटत होतं की तो म्हणेल, लक्षात नाही आलं, गडबडीत बसवली गेली. मी ते मान्य करायला तयार होते. देवाशपथ तयार होते.

"हातोडी हातातच होती माझ्या," तो म्हणाला. "मग तायची रॉड दिसली. मोठा मासा लागला की तुटू दे तिची दोरी, इतकंच होतं मनात. दुसरं काय न्हाय."

मला पहिल्यांदा आठवला तो बसमधला प्रवास, मांडीवर आडवी रॉड आणि भरून आलेले डोळे.  एवढे दिवस तो पट्टीखाली हे घेऊन बसला होता आणि माझ्याकडे सही मागत होता. मी काय केलं असतं मला माहीत नाही. माझी मूठ वळलेली होती एवढं खरं. पण माझ्याआधी आई उठली होती.

तिने हात वर नेला. तो हात मला पाठ होता. कोपर किती मागे जातं, बोटं कधी सरळ होतात, मार कुठे बसणार, सगळं. त्या घरात इतक्या वर्षांत तो हात पहिल्यांदा त्याच्यावर उठला होता, आणि तो कॉटवर बसल्या जागी नुसता बघत होता. मार चुकवायला मान कशी वळवायची हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि आई डावखुरी नाही; तिचा हात पट्टीवरच बसणार होता.

मी तिचं मनगट धरलं. ती जोर लावत होती, म्हातारी, हाडं राहिलेली, तरी मला दोन्ही हात लावावे लागले.

"सोड," ती म्हणाली.

"आई, डोळा हाय त्याचा."

तिचा जोर हळूहळू गेला. ती खाली बसली नाही. आतून हातोडी घेऊन आली, रॉडचं टोक उंबरठ्यावर टेकवलं आणि त्या कडीवर घाव घातला. एकात फुटली नाही. तिने पुन्हा घातला, पुन्हा घातला, फुटल्यावरही घालत राहिली. रॉडचं टोकही चेपलं, ते मी चालू दिलं. भाऊ प्रत्येक घावाला दचकत होता. मग तिने हातोडी बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "ऊठ. उन्हातून आयली हाय ती. तिला पाणी दे."

त्या घरात मी त्याला पाणी दिलेलं आहे, लहानपणापासून, मार खाल्ल्यावरसुद्धा. त्याने मला कधी दिलं नव्हतं. त्यानंतर त्याने सही कधी मागितली नाही आणि मी दिली नाही. डोळा वाचला, नजर अर्धीच आली. पण ते सगळं मागून. तेव्हा तो भिंतीला हात लावत आत गेला आणि भरलेला तांब्या घेऊन आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने तांब्या पुढे केला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. तांब्या माझ्या हातापासून वीतभर अलीकडे थांबला, आणि मी घेतला असं समजून तो सोडायला लागला. मी हात पुढे नेला आणि खालून धरला.